बाबांचं घरी लिहिलेलं मृत्युपत्र, फोंड्याचं घर आणि परळचा ब्लॉक: प्रोबेट घ्यावं लागेल का?

पोफळी_फोंडा लिहिते:

नमस्कार मंडळी. माझे बाबा गेल्या चवथीनंतर गेले. वर्षश्राद्ध अजून व्हायचंय, पण घरात कागदांचा विषय निघाला आहे आणि तो कुठल्या टोकाकडून धरायचा ते मला कळत नाही.

आमचं घर फोंडा तालुक्यात. घरामागे कुळागर: पोफळी, थोडे माड, मिरवेली, एक विहीर. बाबा जन्माने गोव्याचेच. नोकरी मुंबईत केली, तेव्हा परळला एक लहान ब्लॉक घेतला आणि निवृत्त होऊन गावी परतले. आई-बाबांचं लग्न १९७४ चं, फोंड्याला नोंदवलेलं. लग्नाआधी कसला करार वगैरे केलेला नव्हता. आई आहे. आम्ही तीन भावंडं. दादा घरीच असतो, कुळागर तोच बघतो. मी लग्न होऊन पुण्याला. माझे यजमान म्हार्दोळचे, लग्नाची नोंद फोंड्यालाच. माझी मधली बहीण बाबांच्या आधी वारली. तिचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, भावोजींजवळ मडगावला असतो.

बाबांनी २०१४ साली आखलेल्या कागदावर स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. दीड पान. घर आणि कुळागर दादाला, परळचा ब्लॉक आम्हा दोघी बहिणींना, बँकेतलं आईला. खाली त्यांची सही आणि शेजारच्या दोघांच्या सह्या. कपाटात, गोदरेजच्या चोरकप्प्यात, पासबुकांच्या खाली होतं.

परळच्या सोसायटीला कळवलं तर उत्तर आलं, "मृत्युपत्र आहे ना, मग हायकोर्टाचं प्रोबेट आणा, त्याशिवाय नाव लागणार नाही." (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला.) इकडे दादाच्या ओळखीच्या एकानं सांगितलं की प्रोबेट-बिबेट काही नको, सगळ्यांनी स्टॅम्पपेपरवर हक्क सोडल्याच्या सह्या करा, काम झालं. दादानं तो कागद आईसमोर ठेवला. आई म्हणाली, "यांच्या शब्दाबाहेर मी जायची नाही, कुठं करू सही?" मी तेवढ्यापुरतं थांबवलं आहे. दादावर माझा अविश्वास नाही. बाबांच्या आजारपणात त्यानं आणि वहिनीनं जे केलं ते मला पुण्याहून करता आलं नसतं. पण भाच्याच्या वाट्याचं कोण बघणार, आणि आईचं म्हणून काही आहे की नाही, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

प्रोबेट लागतं का? लागत असेल तर फोंड्याला की मुंबईला?


दादरकर लिहितात:

मुंबईतली मालमत्ता आणि मृत्युपत्र असेल तर प्रोबेट घ्यावंच लागतं. आम्ही वडिलांच्या वेळी घेतलं. हायकोर्टात अर्ज, मग सगळ्या वारसांना नोटिसा, वर्तमानपत्रात जाहिरात, मालमत्तेची यादी आणि किंमत, कोणी हरकत घेतली नाही तर काही महिन्यांत मिळतं. हरकत आली तर त्याचा दावा होतो आणि मग वर्षं जातात. वकील मुंबईचाच करा.


जुनी_फाईल लिहितात:

बाय, बाबांचं वाचून वाईट वाटलं. मी दिवाणी न्यायालयात नोकरी केली, निवृत्तीपर्यंतची माझी सगळी शेवटची वर्षं इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टामार्फत वारसांत मालमत्ता वाटण्याच्या, फायलींत गेली. मी वकील नव्हे, तेव्हा तुमचे मूळ कागद वकिलाला दाखवायचेच आहेत. पण रस्ता कुठून कुठं जातो ते मी सांगू शकतो.

दादरकरांनी लिहिलं ते त्यांच्यापुरतं बरोबर होतं. भारतीय वारसा कायदा १९२५ चा, त्याचं कलम २१३. त्यामुळे मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांतल्या मालमत्तेसाठी हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं हे कलमच कायद्यातून काढलं. प्रोबेट हवं असेल तर आजही घेता येतं, सक्ती उरलेली नाही. सोसायटीला हे लेखी कळवा.

पण तुमच्या बाबतीत प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. बाबा गोंयकार. त्यांच्या मागे काय कोणाला जाईल हे गोव्याचा कायदा ठरवतो. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, इथं १८७० पासून लागू. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्यानं ती चालू ठेवली, आणि त्यातला वारशाचा भाग आता आपल्या विधानसभेच्या २०१२ च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आला आहे. तो डिसेंबर २०१६ पासून अंमलात आहे. मग मुंबईचा ब्लॉक? तो मुंबईच्या कायद्यानं जाईल असं पुष्कळ शिकलेली माणसंही धरून चालतात. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१९ मध्ये हा प्रश्न निकाली काढला. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता देशात कुठंही असो, वारसा गोव्याच्याच कायद्यानं. ते प्रकरणही मुंबईतल्याच मालमत्तेचं होतं. तेव्हा परळचा ब्लॉक आणि फोंड्याचं घर एकाच यादीत येतं.

आता आईचं. इथं मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण फाईलमागून फाईल मी हेच पाहिलं की घरातली माणसं बसून "बाबांचं" वाटायला लागतात आणि त्यातलं अर्धं बाबांचं नसतंच. गोव्यात लग्न नोंदवलं आणि आधी वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोचं सगळं एकत्र होतं. कमावलेलं, विकत घेतलेलं, वारशानं आलेलंसुद्धा. कागदावर नाव कोणाचं हे तिथं बघत नाहीत. म्हणजे घर, कुळागर, परळचा ब्लॉक, बँकेतल्या ठेवी या सगळ्यात अर्धा वाटा तुमच्या आईचा १९७४ पासून आहे. तो तिला बाबांकडून मिळत नाही, मुलांकडून तर नाहीच नाही. ती वारस म्हणून रांगेत उभी नाही, ती मालकीण आहे. मृत्यूनं उघडतो तो फक्त उरलेला अर्धा. तिच्यासमोर जो कागद ठेवला त्यावर सही झाली असती तर बाबांचं नव्हे, तिचं स्वतःचं गेलं असतं. तुम्ही थांबवलंत ते योग्य केलंत.

तो उरलेला अर्धा मुलांचा, मुलगा-मुलगी सारखे. मधली बहीण आधी गेली, तर तिच्या जागी तिचा मुलगा उभा राहतो. तिच्या वाट्याचं सगळं त्याचं. भावोजींचा त्यात वाटा नाही, कारण बाबा गेले तेव्हा ते लग्न मृत्यूनं संपलेलं होतं. ते मुलाचे पालक म्हणून येतील. हिशेब असा बसतो: पूर्ण मालमत्तेत आईचा अर्धा, दादाचा सहावा हिस्सा, तुमचा सहावा, भाच्याचा सहावा.

मृत्युपत्राचं सांगायला मला जड जातं, कारण बाबांनी मनापासून लिहिलं असणार. पण आपल्याकडे मृत्युपत्र घरी लिहून साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की होत नाही. एक तर ते नोटरीसमोर, म्हणजे आपल्याकडे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत, तिथल्या वहीत लिहिलं जातं. त्याला सार्वजनिक मृत्युपत्र म्हणतात. किंवा स्वतः लिहून, बंद करून, नोटरीकडून वर मान्यता घेतलेलं बंद मृत्युपत्र असतं. नेहमीच्या माणसाला हे दोनच रस्ते. वहीत लिहिलेलं असतं म्हणूनच आपल्याला नंतर प्रोबेटची पायरी लागत नाही. जे काम मुंबईत मृत्यूनंतर कोर्ट करतं, ते इथं माणूस जिवंत असताना नोटरीसमोर झालेलं असतं.

आणि ते वहीत असतं तरीही बाबांना सगळं वाटून टाकता आलं नसतं. मुलं असतील तर माणसाला आपल्या वाट्याच्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येतं. दुसरा अर्धा मुलांसाठी राखीव, त्याला हात लावता येत नाही. वैध मृत्युपत्रानं बाबांनी आपला मोकळा भाग दादाला दिला असता तरी दादाला एकूण एक तृतीयांश आणि तुम्हाला व भाच्याला बारावा-बारावा हिस्सा आला असता. कोणालाही शून्यावर आणता आलं नसतं.

पुढची पायरी सांगण्याआधी एक विचारतो. घराचा आणि कुळागराचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा, काढून बघितलात का? कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे?


पोफळी_फोंडा लिहिते:

काका, तुमचं उत्तर मी यजमानांना आणि मग फोनवर दादाला वाचून दाखवलं. आईच्या अर्ध्या वाट्याचं ऐकून दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला हे कोणी सांगितलंच नव्हतं." त्यानं तो कागद बाजूला ठेवला आहे. मला फार बरं वाटलं.

एक-चौदा आजच काढला. घराच्या सर्व्हे नंबरवर बाबांचं नाव आहे. कुळागराच्या दोन सर्व्हे नंबरांवर मात्र अजून आजोबांचंच. आजोबा १९८८ मध्ये गेले, आजी त्यांच्या आधी. मागे बाबा, वास्कोचे काका आणि बेळगावची आत्या. काकांनी वास्कोला घर बांधलं तेव्हा "कुळागर तू घे" असं तोंडी ठरलं होतं म्हणे. आत्याला लग्नात दागिने दिले होते, तिचा काही हिस्सा नाही असं घरात सगळे धरून आहेत.

आणि दादाच्या नावावर नॉमिनेशन असलेली ठेव सहकारी बँकेत आहे. तीही आईच्या अर्ध्यात येते?


म्हापसा_शाखा लिहितात:

ठेवीचं मी सांगतो, बँकेत आयुष्य गेलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेनं पैसे कोणाच्या हातात द्यायचे आणि मोकळं व्हायचं, एवढ्यापुरतं ते नाव असतं. ज्याला मिळाले त्यानं ते खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे. सुप्रीम कोर्टानं ठेवींबाबत आणि पुढे २०२३ मध्ये शेअर्सबाबतही हेच सांगितलं आहे. तेव्हा दादानं क्लेम भरून पैसे काढले तरी ते यादीत लिहायचेच.

एक व्यवहारातली गोष्ट. गोव्याबाहेर मुख्य कचेरी असलेल्या बँकांचे लोक इथल्या ग्राहकाकडे वारसा प्रमाणपत्र मागतात, कारण त्यांच्या छापील फॉर्मात तेवढंच लिहिलेलं असतं. आमच्या एका मावशीला एका बँकेनं या एका शब्दासाठी महिनोन् महिने परत पाठवलं. तिच्या हातात वारस कोण ते सांगणारं नोटरीचं उत्तराधिकार पत्र होतं. शेवटी तिनं २०१२ च्या कायद्याची प्रत आणि वकिलाचं एका पानाचं पत्र जोडून लेखी अर्ज दिला, मग कायदा विभागाकडे फाईल गेली आणि पैसे मिळाले. तोंडी वाद घालत काउंटरवर उभं राहू नका. लेखी द्या आणि पोच घ्या.


जुनी_फाईल लिहितात:

बाय, दादाला माझा नमस्कार सांगा. ऐकून घेणारा भाऊ असला की अर्धी फाईल तिथंच बंद होते.

कुळागराचं तुम्ही लिहिलंत त्यानं चित्र बदललं. एक-चौदावर आजोबांचं नाव म्हणजे तो वारसा १९८८ पासून उघडाच आहे. बाबांच्या नावे जे नव्हतं ते बाबांच्या यादीत पूर्ण लिहिता येत नाही. आधी आजी-आजोबांचे वारस ठरले पाहिजेत. आणि तिथं आत्या येते. तिचा वाटा लग्नातल्या दागिन्यांनी संपत नाही. गोव्यात मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि तो काल-परवा मिळालेला नाही, पोर्तुगीज संहितेपासून आहे. बाकी देशात मुलींसाठी कायदे बदलत गेले, आपल्याकडे तो होताच, फक्त घरांत सांगितला जात नसे. आत्यांना सही करायला बोलवायचं, जेवण घालायचं, साडी द्यायची, पण कागदात काय लिहिलं आहे ते वाचून दाखवायचं नाही, असं मी पुष्कळ पाहिलं. तुम्ही तसं करणार नाही हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. आत्याला आधी फोन करा आणि तिचा हक्क आहे हे तुमच्या तोंडून सांगा. मग ती काय ते ठरवील.

तिला आणि काकांना खरंच नको असेल तर त्यासाठी रीतसर रस्ता आहे. नोटरीसमोर वारसाहक्क सोडल्याचं पत्र होतं. त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आत्याच्या यजमानांची आणि काकूची संमती लागते, कारण वाटा दोघांचा. दुसरं, हक्क सोडताना "मी अमक्याला देते" असं लिहिता येत नाही. मोबदला न घेता सरळ सोडायचा, तो उरलेल्या सगळ्या वारसांकडे जातो. नाव घेऊन एकाला द्यायचं असेल तर ते बक्षीसपत्र होतं, त्याची वाट वेगळी, मुद्रांक वेगळा. दादाच्या ओळखीच्यानं आणलेल्या स्टॅम्पपेपरवर नेमकं "भावाच्या लाभात" असं लिहिलेलं असणार, मला खात्री आहे.

आजोबांच्या बाबतीत सगळे सज्ञान आणि एकमताचे असतील तर कोर्टाची गरज नाही. सब-रजिस्ट्रारकडे उत्तराधिकार पत्र करा. आपली जुनी माणसं त्याला हाबिलितासांव म्हणतात. कोण कधी वारलं, लग्न कोणाशी, मुलं किती, मृत्युपत्र होतं की नाही, हे कुटुंबाला ओळखणाऱ्या विश्वासू माणसांच्या शपथेवर लिहिलं जातं आणि त्याचा सारांश जाहीर प्रसिद्ध होतो. राजपत्राच्या तिसऱ्या मालिकेत अशा नोटिसा तुम्ही पाहिल्या असतील. पण हे पत्र फक्त वारस कोण ते सांगतं. कोणता तुकडा कोणाचा ते त्यात नसतं. हे पत्र हातात आलं की वाटणी झाली असं समजून लोक घरी जातात आणि वीस वर्षांनी पुढची पिढी आमच्या खिडकीशी येते.

बाबांच्या बाबतीत मात्र भाचा अज्ञान आहे. तिथं घरगुती वाटणीपत्र करू नका, इन्व्हेंटरीच घाला. पोराच्या वतीनं झालेला व्यवहार तो सज्ञान झाल्यावर उलटू शकतो. कोर्टानं तपासून मंजूर केलेली वाटणी सगळ्यांनाच पक्की पडते, दादालासुद्धा.

ती चालते कशी ते सांगतो. बाबा राहत होते तिथल्या दिवाणी न्यायालयात, म्हणजे फोंड्याला, अर्ज होतो. कोर्ट इस्टेटीचा प्रशासक नेमतं. वकील मंडळी अजून काबेसा-द-काझाल म्हणतात. पहिला मान हयात जोडीदाराचा, म्हणजे तुमच्या आईचा. तिला जमणार नसेल तर तसं सांगता येतं, मग दादा. प्रशासक शपथेवर सांगतो: कधी वारले, कुठं वारले, वारस कोण, मृत्युपत्र आहे का. तो दीड पानाचा कागद तिथं लपवू नका, जोडा. तो का चालत नाही ते कोर्टच सांगू दे, म्हणजे पुढे कोणी "एक कागद होता" असं म्हणायला नको. मग प्रत्येकाला नोटीस. तुमच्या यजमानांना आणि वहिनीलाही, कारण तुमच्या वाट्यात तुमचे यजमान आणि दादाच्या वाट्यात वहिनी अर्ध्याचे धनी. सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. पत्ता चुकीचा, माणूस परदेशी, नोटीस परत. पत्ते पहिल्याच दिवशी नीट द्या.

मग मालमत्तेची यादी. यात स्थावर येतं, ठेवी येतात, देणी येतात, आणि घरातल्या वस्तूही येतात. तांब्याची घागर, समया, सोनं, गोदरेजचं कपाट. यादी खरी करा. एक वस्तू वगळली गेली की पुढचा सगळा विश्वास जातो. मग किमती ठरतात आणि सगळ्यांची बैठक कोर्टासमोर होते. यादीतलं कोणतं कलम, म्हणजे कोणती मालमत्ता, कोणाला, यावर एकमत झालं तर तसं लिहून घेतात. भाच्याचं नुकसान होत नाही ना हे कोर्ट बघतं.

एकमत नसेल तर लिसितासांव, म्हणजे वारसांतल्या वारसांत बोली. बाहेरच्याला त्यात जागा नाही. मी एक पाहिलेली सांगतो. दोन भाऊ, एक बहीण. घर, शेत, सगळं शांतपणे गेलं. शेवटचं कलम कुळागराची एक अरुंद पट्टी, चार-पाच पोफळी आणि विहीर. किंमत यादीत नगण्य लावली होती. कारकुनानं कलम वाचलं आणि धाकट्यानं बोली लावली. थोरल्यानं वाढवली. परत धाकट्यानं. पट्टीला कोणी विचारलं नसतं, पण पाट त्या विहिरीवरून निघत होता आणि दोघांच्याही वाट्याच्या पोफळी त्याच पाण्यावर होत्या. यादी करताना पाण्याचा हक्क कोणी लिहिलाच नव्हता. बोली इतकी चढली की थोरल्यानं ती घेतली खरी, पण आपल्या वाट्यापेक्षा जास्त आलेल्याची भरपाई भावंडांना द्यायला त्याला घराचाच काही भाग सोडावा लागला. बहीण मागे बसून रडत होती, दोघांनाही ती थांबवू शकली नाही.

म्हणून सांगतो, तुमच्या यादीत कुळागर लिहिताना विहीर, पाट आणि जायची वाट वेगळी लिहा. पाणी कोणाला कुठल्या वारी मिळायचं तेही बैठकीत लिहून घ्या.

बाबांची इच्छा पाळायची असेल तर ती बैठकीत पाळता येते. घर आणि बाबांच्या वाट्याचं कुळागर दादाच्या बाजूला, परळचा ब्लॉक तुमच्या आणि भाच्याच्या बाजूला, फरकाची रक्कम ठरवून. बाबांना हवं होतं ते जवळजवळ तसंच होईल. आईला दादाला आणखी द्यायचं असेल तर तिनं स्वतःचं सार्वजनिक मृत्युपत्र सब-रजिस्ट्रारकडे करावं, तिच्या मोकळ्या अर्ध्यापुरतं. पण तिला विचारताना तुम्ही सगळी समोर असू नका. वकिलाला तिच्याशी एकटीशी बोलू द्या.


सुमन_कवळे लिहिते:

जुनी_फाईल काकांनी सगळं सांगितलंच आहे. आमची इन्व्हेंटरी नुकतीच संपली म्हणून नावांचं एक सांगते, आमची फाईल त्यावर अडली होती. माझ्या सासऱ्यांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आडनाव "पोरोब", लग्नाच्या नोंदीत "प्रभू", आधारवर तिसरंच स्पेलिंग. आजेसासऱ्यांच्या नावात मधे "सिनाय". कोर्टाला ही एकच व्यक्ती हे कसं कळणार? आम्ही प्रत्येक कागदावरचं नाव जसं आहे तसं "ऊर्फ" लावून अर्जातच लिहिलं आणि प्रतिज्ञापत्र जोडलं. घाईनं आताची नावं बदलायला जाऊ नका, त्यानं घोळ वाढतो. आजोबांचं जमिनीचं जुनं पत्र पोर्तुगीजमध्ये असेल तर भाषांतर करून घ्या, त्यात चतुःसीमा असतात. आमच्या एक-चौदावर एका तुकड्याचं नावच नव्हतं, तो त्या जुन्या पत्रामुळे सापडला.


पोफळी_फोंडा लिहिते:

आत्याला फोन केला. ती आधी म्हणाली, "मला काय करायचंय या वयात," आणि मग म्हणाली, "पण विचारलंस ना, तेच पुष्कळ." ती पुढच्या महिन्यात येणार आहे. हक्क सोडायचा की नाही ते आल्यावर सांगते म्हणाली, आणि आम्ही कोणी तिला घाई करणार नाही.

काका, शेवटचं एक. परळच्या सोसायटीला आता काय देऊ? आणि कोर्टाचा निकाल लागला की फोंड्याच्या उताऱ्यावर नावं आपोआप लागतात का?


जुनी_फाईल लिहितात:

आपोआप नाही. वाटणीचा तक्ता मंजूर झाल्याचा अंतिम आदेश लागला की त्याच्या प्रमाणित प्रती घ्या, एकापेक्षा जास्त घ्या. एक म्युटेशनच्या, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलण्याच्या, अर्जाबरोबर जाईल, मग एक-चौदावर नावं बदलतील. एक पंचायतीत घरपट्टीसाठी, एक वीज खात्याला, एक बँकेला. म्युटेशनचा अर्ज लगेच घाला. ते राहून गेलं म्हणूनच आजोबांचं नाव अजून तिथं आहे.

परळला आत्ता फक्त एवढं लेखी कळवा: सभासद वारले, ते गोव्याचे अधिवासी होते, वारसा ठरवण्यासाठी फोंड्याच्या न्यायालयात इन्व्हेंटरी घालत आहोत, अंतिम आदेश येईपर्यंत ब्लॉक कोणाच्याही नावे करू नये, देखभालीची रक्कम आम्ही नियमित भरू. अर्ज दाखल झाला की त्याचा क्रमांक कळवा. यादीत ब्लॉक लिहाल तेव्हा शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि खरेदीखताची तारीख घाला, नुसतं "परळचा ब्लॉक" लिहू नका. आदेशात जे शब्द असतील तेच सोसायटी वाचणार. वकिलाकडे जाताना आईच्या लग्नाच्या नोंदीचा दाखला पहिल्यांदा वर ठेवा, त्यावर तिचा अर्धा वाटा उभा आहे.